तिसरी घंटा : आधी तिला विचारलंत का?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं, की यंदा सांगलीत माझ्याकडे वाचायला आलेल्या एकांकिकांपैकी निम्म्याहून अधिक संहिता फोनच्या आवाजाने सुरू होतात आणि फासाच्या दोराने संपतात. मला ते खटकलं, एवढंच म्हणून मी थांबले होते. का खटकलं ते सांगायचं राहिलं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत. नाव कुणाचंच छापलेलं नाही. शेवटच्या पत्रातलं गाव आणि कॉलेज तर संपादकांनी माझ्याकडे पत्र देण्याआधीच झाकलं, कारण लिहिणारीने तशी विनंती केली होती.

प्रश्न : ताई, आम्ही कोल्हापूरच्या एका कॉलेजातले. आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचा खासगी व्हिडिओ तिच्या आधीच्या मित्राने दोन वर्षांपूर्वी पसरवला. तिने काय काय सोसलं ते आम्ही जवळून पाहिलंय. त्यावर एकांकिका लिहितोय. ती ‘करा’ म्हणाली आहे. पण गेल्या वर्षी एका स्पर्धेत परीक्षक म्हणाले, ‘मोबाईलची नाटकं आता पुरे.’ विषय खरंच जुना झालाय का? आणि फोनमध्ये चाललेलं सगळं रंगमंचावर दाखवायचं कसं? प्रोजेक्टर घ्यावा का?

उत्तर : विषय जुना झालेला नाही. परीक्षक कशाला कंटाळले असतील याचा मला अंदाज आहे, त्याकडे येते. पण आधी तुमच्या पत्रातलं एक वाक्य. ‘ती करा म्हणाली आहे.’ कधी म्हणाली? कुठे? कट्ट्यावर, सगळा ग्रुप बसलेला असताना? तुमची कल्पना भरभरून सांगून झाल्यावर? अशा वेळी दहा मित्रांच्या तोंडावर ‘नको’ म्हणायला किती बळ लागतं, ते आठवून बघा. तिचं ‘करा’ खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ते पुन्हा एकदा, नीट विचारायला हवं.

मी हे सांगते, कारण मी एकदा विचारलं नव्हतं. आठ-नऊ वर्षं झाली. एका कॉलेजच्या मुलांबरोबर मी एकांकिका बसवत होते. तिथल्या एका मुलीचे फोटो पसरले होते आणि ती कॉलेज सोडून गेली होती. मुलं चिडलेली होती, मीही चिडले होते. तीन आठवड्यांत आम्ही प्रयोग उभा केला. मुलांनी त्या फोटोंखालच्या खऱ्या कमेंट जमवून आणल्या होत्या. त्यातली एक मी निवडली, कारण ती ऐकताना अंगावर काटा यायचा. एका नटाकडून ती मी पुन्हा पुन्हा घोटून घेतली. कुठे थांबायचं, कुठला शब्द दाबायचा, सगळं. प्राथमिक फेरीत त्या वाक्यावर सभागृह असं चिडीचूप झालं की विंगेत उभी राहून मी मनात म्हटलं, जमलं.

प्रयोग संपल्यावर मागच्या दाराच्या पायरीवर ती मुलगी बसलेली होती. ‘तुझ्यावर नाटक केलंय, बघायला ये,’ असं कुणीतरी तिला कळवलं होतं. ती रडत नव्हती. म्हणाली, “ते वाक्य मी फोनमधून काढून टाकलं होतं. तुम्ही ते पाठ करून घेतलंत.” मी शेजारी बसले. थोड्या वेळाने म्हणाली, “त्यांनी निदान एकेकट्यानं बघितलं होतं. तुम्ही चारशे माणसं एकत्र बसवून दाखवलंत.”

आम्हाला त्या फेरीत दिग्दर्शनाचं बक्षीस होतं. अंतिम फेरीतून आम्ही नाव काढून घेतलं. मुलांना कारण सांगताना माझा आवाज फुटत नव्हता.

त्या पायरीवर मला जे समजलं ते तुम्हाला सांगते. तिची गोष्ट तिच्या हातातून गेली, कुणी कुणी पाहिली याचा हिशेब राहिला नाही, आणि प्रत्येक पाहणाऱ्याला वाटलं की आपल्या एकट्याच्या पाहण्याने काय होतंय. खरा घाव हा होता. आम्ही तिची बाजू घेऊन तोच घाव पुन्हा घातला. वाईट याचं वाटतं, की नाटकाकडे फोनपेक्षा वेगळं देण्यासारखं काहीतरी होतं. प्रयोग त्या संध्याकाळी, त्या खोलीत होतो आणि तिथंच संपतो. तो फॉरवर्ड करता येत नाही. आम्ही नेमकं तेवढंच वापरलं नाही.

म्हणून तुमच्या मैत्रिणीकडे लेखकाने जाऊ नये, दिग्दर्शकाने तर नाहीच. तिच्या भरवशाच्या, नाटकात नसलेल्या कुणीतरी जावं. ती आणि तो माणूस, दोघंच. तिला स्पष्ट सांगा, की प्रेक्षकांत तिच्या वर्गातली मुलं असतील, कदाचित तो मित्रही असेल. संहिता आधी तिच्या हातात द्या, आठवडाभर राहू द्या, ती खोडेल ते खोडा. आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशीसुद्धा ती ‘नको’ म्हणू शकते, हे तुम्ही तिला पहिल्याच दिवशी सांगा. तेव्हा तुमची तारांबळ होईल, म्हणून दुसरी एक एकांकिका वाचून तयार ठेवा. तिचं शिक्षण, गाव, कपडे, बोलण्याची लकब, त्या मित्राशी तिची ओळख कशी झाली, हे सगळं बदला. बदलल्यावर गोष्ट पातळ झाली असं वाटलं, तर समजा की तुम्ही अजून नाटक लिहिलेलं नाही, तिची हकीकत उतरवून काढली आहे.

आता फोन दाखवायचा कसा. प्रोजेक्टर घेऊ नका. पडद्यावर अक्षरं उमटली की प्रेक्षक वाचायला लागतो आणि नटीकडे बघायचं सोडतो. उजळलेल्या चौकोनासमोर माणसाचा चेहरा टिकत नाही, कितीही चांगला फोकस लावा. दिवसभर माणसं पडदाच बघून आलेली असतात. (२०२०च्या टाळेबंदीत मराठीत ‘मोगरा’सारखी ‘नेटकं’, म्हणजे इंटरनेटवरची नाटकं, झाली, नट आपापल्या घरातून थेट प्रयोग करत होते. तिथे पडदा हाच रंगमंच होता, म्हणून तो खरा वाटला. तुमच्याकडे लाकडाचा रंगमंच आहे.)

त्या प्रसंगानंतर दोन वर्षांनी मी पुन्हा या विषयाकडे वळले. या वेळी कुणाचीही खरी गोष्ट घेतली नाही. तालमीत एक नटी म्हणाली, “ताई, मला मेसेजची भीती नाही वाटत. ते सगळे माझ्या खोलीत येऊन बसलेत असं वाटतं, त्याची वाटते.” आम्ही तेवढंच धरलं. रंगमंचावर एक पलंग, समोर दार, मध्ये मोकळी जागा. फोन एकही नाही. मंडपवाल्याकडून लोखंडी घडीच्या सव्वीस खुर्च्या आणल्या. मेसेज आला की एक नट खुर्ची घेऊन यायचा, खाडकन उघडायचा, बसायचा, मुलीकडे बघायचा. एक शब्द बोलायचा नाही. थोड्या वेळाने कंटाळून उठून जायचा. खुर्ची तिथंच. विसाव्या मिनिटाला अशी अवस्था, की मुलीला पलंगावरून दारापर्यंत पोचायला वाट उरलेली नाही. दारात आई ताट घेऊन उभी आहे, तिला खुर्च्या दिसत नाहीत, ती नुसती म्हणते, “अगं, ये ना.” शेवटी मुलगी एकेक खुर्ची मिटते. सव्वीस खुर्च्यांना चार मिनिटं लागायची. संवाद नाही, संगीत नाही. वेळ मोजणारे कार्यकर्ते अस्वस्थ होऊन आम्हाला खुणा करायचे. ती चार मिनिटं कापायचा सल्ला मला बऱ्याच जाणत्यांनी दिला. मी कापली नाहीत.

इंटरनेटची भाषा लिहिताना आजची मीमं आणि आजच्या शिव्या संहितेत कोंबू नका. सहा महिन्यांत त्या शिळ्या होतात. टिकतं ते घरातलं. समजा, मुलगी दार लावून बसली आहे आणि घरच्या ग्रुपवर मामाचं गुलाबाचं ‘सुप्रभात’ रोज सकाळी सव्वासहाला येतं. त्या दिवशी सव्वासहा वाजून जातात आणि गुलाब येत नाही. तिला कळतं, मामापर्यंत पोचलं. एवढ्यावर एक प्रवेश उभा राहतो, आणि मामाचं वय झालेल्या प्रेक्षकालाही तो आपलासा वाटतो.

आणि परीक्षकांचा कंटाळा. मला वाटतं ते मोबाईलला कंटाळलेले नाहीत, त्या शेवटाला कंटाळले आहेत. दोर, ब्लॅकआउट, मग ध्वनिमुद्रित आवाजात चिठ्ठी. हा शेवट असलेली संहिता मी वाचून परत पाठवते. कारण सभागृहात त्याच अवस्थेतून जाणारा एखादा मुलगा, एखादी मुलगी बसलेली असू शकते, आणि आपण तिला बाहेर पडायचा एकच दरवाजा दाखवतो, वर त्यावर सुंदर प्रकाशयोजना करतो. तुमच्या मैत्रिणीचं काय झालं? ती आहे ना तुमच्यात? त्या घटनेनंतरच्या सोमवारी ती कॉलेजला कशी आली, गेटपाशी किती वेळ उभी राहिली, कुठल्या बाकावर बसली, पहिल्यांदा तिच्याशी कोण बोललं? नाटक त्या सोमवारात आहे.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगला. एका एकांकिकेत तो एका मुलीला इंटरनेटवर छळणाऱ्या मुलाचं काम करतोय. तालमीहून रात्री अकराच्या लोकलने डोंबिवलीला येतो, धड जेवत नाही. परवा झोपेत शिव्या पुटपुटत होता. नाटक बंद करायला सांगू का?

उत्तर : ताई, लगेच बंद करायला सांगू नका. पण त्याच्या दिग्दर्शकाशी बोला, हवं तर हे पान दाखवा.

सहा आठवडे रोज तीन तास एखादी घाण भाषा तोंडात घोळवली, तर ती घरी येणारच. शरीराला तालीम आणि खरं यातला फरक कळत नाही. राग आणला की ठोके वाढतात, मूठ वळते, मग ते रात्री अकराला उतरत नाही. आपल्याकडे नाटकाच्या आधीचे संस्कार भरपूर. नटराजपूजन करतो, नारळ फोडतो, रंगमंचाच्या पाया पडतो. कोकणातले दशावतारी आधी पेटाऱ्याची पूजा करतात, मग राक्षस होतात. पण संपल्यावर आपण काय करतो? सामान टेम्पोत भरतो. नटाला भूमिकेतून बाहेर काढायचं काम कुणाचंच नसतं.

मी आता तालमीची शेवटची दहा मिनिटं त्यासाठी राखून ठेवते. पात्राचा शर्ट तिथेच काढून खुंटीला लावायचा, तो घालून घरी जायचं नाही. छळणारा आणि जिला छळतो ती, दोघांनी समोरासमोर उभं राहून आपलं खरं नाव सांगायचं. आज घरी जेवायला काय असेल ते सांगायचं. मग चहा. मुलं पहिल्या दिवशी हसतात, तिसऱ्या दिवशी आपणहून उभी राहतात. दुसरं म्हणजे ती घाणेरडी वाक्यं रोज म्हणायची गरज नसते. माझ्याकडची मुलं त्या जागी एकोणीसचा पाढा म्हणतात, त्याच त्वेषाने. एकोणीस सत्ते एकशे तेहेतीस असं दात-ओठ खाऊन म्हणता आलं, की भाव बसलेला असतो. खरी वाक्यं शेवटच्या चार तालमींत.

आणखी एक. त्याला कधीतरी जेवताना विचारा, पण उलटतपासणीसारखं नको. अशाच भूमिकेतला एक मुलगा प्रयोगानंतर माझ्याकडे आला होता. अकरावीत असताना त्याने स्वतः एका मुलीचा फोटो पुढे पाठवला होता. चार वर्षं कुणाला बोलला नव्हता. भूमिकेने ते वर आणलं. तुमच्या मुलाचंही तसंच असेल असं नाही. असलंच, तर त्याला आधी ऐकून घ्या, रागवायचं ते नंतर रागवा.

झोप आणि जेवण दोन आठवड्यांत रुळावर आलं नाही, तर तज्ज्ञाला दाखवा. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. डॉ. मोहन आगाशे यांच्यासारखा मनोविकारतज्ज्ञ आपल्या रंगभूमीवर नट म्हणून उभा राहिला, तेव्हा या दोन क्षेत्रांची ओळख जुनी आहे. पण तालमीच्या हॉलमध्ये मी डॉक्टर नसते आणि तुमच्या मुलाचा दिग्दर्शकही नसतो. तिथे उपचार करायचा प्रयत्न कुणी करत असेल, तर मात्र मुलाला तिथून घरी घेऊन या.

प्रश्न : मॅडम, मी धुळे जिल्ह्यातला निवृत्त शिक्षक. आमच्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला २०१८मध्ये जे घडलं, त्यावर हौशी संघासाठी नाटक लिहायला घेतलंय. लोक म्हणतात, झालं गेलं विसरा. घरात म्हणतात, तेंडुलकरांच्या काळी हे मोबाईलचं काही नव्हतं तरी नाटकं चालायची, आता जरा सुख दाखवा. मी अडकलोय.

उत्तर : सर, लिहा. पण सावकाश लिहा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. १ जुलै २०१८, राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने मारलं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं, तिथेही मारलं. पाचही गेले. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा त्याआधी कित्येक दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या. मग मारहाणीचे व्हिडिओ फिरले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यावर बंधन घातलं.

तेंडुलकरांच्या काळी मोबाईल नव्हता हे खरं. तरी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पुन्हा वाचा. १९६७मध्ये ‘रंगायन’ने ते रंगमंचावर आणलं, अरविंद देशपांडे यांचं दिग्दर्शन, सुलभा देशपांडे बेणारेबाई. वेळ घालवायला म्हणून बेणारे या अविवाहित शिक्षिकेवर खेळातला खटला सुरू होतो. ज्याला जे कानावर आलंय ते तो साक्ष म्हणून ओततो. सगळ्यांत भयंकर साक्ष मला सामंतची वाटते. त्या साध्या, भल्या माणसाला कुणाचं वाईट करायचं नाही. त्याला काही माहीतही नाही, म्हणून तो हातातल्या कादंबरीतली वाक्यं साक्ष म्हणून सांगतो, आणि ती बेणारेला जाऊन लागतात. ज्याच्यापासून तिला दिवस गेले तो प्राध्यापक दामले तर रंगमंचावर येतच नाही. बेणारे निघून जाऊ बघते तेव्हा दाराची कडी बाहेरून बसलेली असते. व्हॉट्सअ‍ॅप यायला चाळीसहून अधिक वर्षं अवकाश होता, पण आलेला मजकूर सहज पुढे ढकलणारा सामंत तेंडुलकरांनी आधीच लिहून ठेवला होता. तुमच्या नाटकात तुम्हाला सामंत शोधायचा आहे. काठी उगारणारा माणूस सगळ्यांना कळतो. सकाळी चहा पिताना, आपल्या नातवाच्या काळजीने, ‘सावध राहा’ असं लिहून तो मजकूर पुढे पाठवणारी आजी कुणी लिहिलेली नाही.

मारहाण रंगमंचावर आणू नका. ती फोनवर पाहिली गेली आहे, लाखदा. तुम्ही बाजार दाखवा. मिरच्यांचे ढीग, बांगड्यांचं दुकान, एस.टी.ची वाट बघणारे लोक. आणि त्या बाजारात येणारी पाच माणसं. डवरी गोसावी हे डवर वाजवून, देवाची गाणी म्हणून भिक्षा मागणारे लोक. म्हणजे सर, ते आपल्याच जातकुळीचे, कलावंत. पण त्यांच्याबद्दल गावोगावी निघालं ते एवढंच, की ते कसे मेले. ते काय गात होते, हे तुमच्या नाटकात यावं असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी मंगळवेढ्याला जावं लागेल. फोन बंद करून, वही सुद्धा पिशवीत ठेवून. त्या घरांना विचारा, की आम्ही असं काही करतोय, चालेल का, आणि काय सांगितलेलं तुम्हाला आवडेल. ‘नको’ म्हणाले तर त्यांचं काहीच घ्यायचं नाही, फक्त अफवेचं नाटक करा, दुसऱ्या नावाच्या गावात. राईनपाड्यातही जा. तिथे त्या वेळी शाळेत असलेली मुलं आता मोठी झाली आहेत, त्यांच्या गावाचं नाव उच्चारलं की लोक कसे बघतात हे ती रोज अनुभवत असणार. जखम त्यांचीही आहे. ती पहिल्या जखमेच्या तोलाची नाही, पण आहे.

संहिता पूर्ण झाली की रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, वेळेत पाठवा, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

घरच्यांना सांगा, सुख दाखवायला माझी ना नाही. १९८३मध्ये स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ आलं तेव्हा विषय काय सुखाचा होता? पण त्यात गाणी होती, गावोगावच्या बायका ती म्हणत घरी गेल्या. तुमच्या नाटकात डवर वाजला पाहिजे.

प्रश्न : प्रयोग चालू असताना प्रेक्षक शूट करतात. माझ्या एका रडण्याच्या प्रसंगाची रील फिरली, खाली हसण्याच्या खुणा. मी नाशिकच्या एका हौशी संघात काम करते. आता त्या प्रसंगाला उभी राहिले की अंग आखडतं.

उत्तर : चूक तुमची नाही. तुम्ही तीनशे जणांच्या भरवशावर रडलात, एकाने तो भरवसा मोडला. ज्याने टाकली त्याला संघाच्या वतीने लेखी कळवा आणि त्या माध्यमावर तक्रार नोंदवा. मग संघाने दारात एक माणूस उभा करावा, आणि ‘मोबाईल बंद ठेवा’ ही ध्वनिमुद्रित सूचना बंद करावी, ती आता कुणी ऐकत नाही. तिसऱ्या घंटेआधी नटांपैकी एकाने मेकअपसकट पडद्याबाहेर यावं आणि स्वतः सांगावं : ‘पुढचा तासभर आम्ही तुमच्यासमोर काही नाजूक गोष्टी करणार आहोत. त्या इथेच राहू द्या.’ आमच्याकडे हे सुरू केल्यापासून फोनचे दिवे जवळजवळ दिसत नाहीत. माणूस समोर येऊन मागतो तेव्हा लोक देतात. आणि तो प्रसंग परत बसवताना पहिल्या दोन तालमी प्रेक्षकांकडे पाठ करून करा. दिग्दर्शक ऐकणार नसेल तर माझं नाव सांगा.

प्रश्न : माझं नाव, गाव काहीच छापू नका. तुम्ही ज्या मुलीबद्दल लिहिता ती मी आहे. म्हणजे तशीच दुसरी. आमच्या कॉलेजची मुलं माझ्यावर एकांकिका करतायत. पोस्टर इन्स्टाग्रामवर आलंय. नाव बदललंय, पण हॉस्टेल तेच, माझ्या गाडीचा रंग तोच. मला कुणी विचारलं नाही. सगळे म्हणतात, जागृतीसाठी आहे, तू आड येऊ नकोस. मी गप्प बसावं का?

उत्तर : नाही. तुम्ही आड येत नाही आहात. ते तुमच्या आयुष्यातून वाट काढून चालले आहेत आणि तुम्हाला बाजूला हो म्हणतायत.

तुम्ही ‘नको’ म्हणू शकता, आणि त्याचं कारण द्यायला बांधील नाही. दिग्दर्शकाला आणि कॉलेजच्या सांस्कृतिक विभागाच्या प्राध्यापकांना चार ओळी लिहा : ही गोष्ट माझी आहे, माझी परवानगी घेतलेली नाही, प्रयोग करू नये, पोस्टर काढावं. लिहिताना जवळचं कुणीतरी शेजारी असू द्या. प्रत्यक्ष भेटायला जाऊ नका, दहा जणांच्या घोळक्यात तर नकोच. थांबवायचं नसेल, नुसतं बदलायचं असेल, तर काय काय बदलायचं त्याची यादी करा आणि बदललेली संहिता हातात आल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका. दोन्हींतलं काहीच करायची आत्ता ताकद नसेल, तरी चालेल. प्रयोग बघायला जायची सक्ती तर तुमच्यावर कुणाचीच नाही, शूर दिसायचीही नाही.

तुमचे फोटो किंवा व्हिडिओ अजून कुठे फिरत असतील, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशा गुन्ह्याची तक्रार नाव न देताही करता येते. वय अठरा पूर्ण असेल तर ‘स्टॉपएनसीआयआय’ नावाची एक सोय आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याची एक डिजिटल खूण तयार होते, तेवढीच खूण बाहेर जाते, आणि तिच्या आधारे त्या योजनेत असलेली माध्यमं तो फोटो ओळखून अडवू शकतात. रात्री जड जाईल तेव्हा १४४१६.

पायरीवर बसलेल्या त्या मुलीला मी तेव्हा काही देऊ शकले नाही. तुमच्या कॉलेजातल्या त्या मुलांशी मी बोलायला तयार आहे. त्यांच्या तालमीला येईन, रागावणार नाही, मी काय केलं होतं ते त्यांना सांगेन. पण त्यासाठी मला तुमचं कॉलेज कळायला हवं. तुमचं पाकीट संपादकांच्या कपाटात आहे आणि मी ते उघडून बघितलेलं नाही. ते बघू का? कार्यालयाच्या पत्त्यावर एका ओळीचं पत्र पाठवा. ‘हो’ किंवा ‘नको’ एवढंच लिहा.